जुन्या मोटारसायकलचा एअर फिल्टर काढून टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी सकाळी मी अमळनेरला स्पेअर पार्टच्या दुकानात ब्रेक लायनर घ्यायला गेले होते. माझ्या पुढे वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा उभा होता. त्याच्या काकांची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल कितीतरी वर्षं बंद पडून होती, ती त्याने स्वतः खपून चालू केली होती. गाडी दुकानाबाहेरच उभी होती. टाकीला नवा रंग, हेडलाइटची रिंग घासून लख्ख. बघून बरं वाटलं. मग त्याने पिशवीतून एअर फिल्टरचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या फिल्टरचा, मूळचा काळा डबा काढला, काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "हा घ्या भंगारात, आणि मला कोन फिल्टर द्या." कोन म्हणजे डब्याशिवाय उघडाच बसणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर. दुकानदाराने डबा खालच्या खोक्यात टाकला. मी त्या मुलाला म्हटलं, "भाऊ, तो डबा टाकू नको, आरएक्सचा डबा पुन्हा मिळायचा नाही." तो म्हणाला, "मॅडम, याने गाडी मोकळी पळते." किक मारली आणि गेला.

दुकानात उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही ते आपल्या वृत्तपत्रातून सांगावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. आपलं वृत्तपत्र त्याच्या घरी येत असेल अशी आशा आहे. हीच चूक माझ्या गाडीच्या बाबतीत झाली आणि तिची किंमत मी मोजली आहे.

मी अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. घरापासून शाळा १४ किलोमीटर. त्यातले ५ किलोमीटर कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना कापूस आणि दादर ज्वारीची शेतं. काळ्या मातीचा हा रस्ता पावसाळ्यात चिकटतो आणि होळीनंतर त्याचं पीठ होतं. वाळूचा एक ट्रॅक्टर पुढून गेला की पाच मिनिटं समोरचं दिसत नाही. या रस्त्याने मी रोज माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या गाडीवर जाते. हिरो होंडा सीडी १००, १९९३ ची.

ही गाडी ज्यांनी वापरली त्यांना तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको. पहिली सीडी १०० हरियाणातल्या धारूहेड्याच्या कारखान्यातून १९८५ मध्ये बाहेर पडली. ९७.२ सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन, चार गिअर, पेट्रोलमध्ये वेगळं ऑइल टाकायची गरज नाही. आमच्या गल्लीत तेव्हा राजदूत होत्या, एक येझदी होती. आप्पांची गाडी आली तेव्हा तिचा आवाज इतका बारीक वाटला की शेजारचे काका म्हणाले, "चालू तरी शे का?" आप्पा तिच्यावरून बियाण्याची पोती आणायचे, मला परीक्षेला सोडायचे आणि दर अमावास्येला तिच्यापुढे नारळ फोडायचे. नारळ फोडण्याआधी साईड कव्हर उघडून फिल्टरचा फोम काढायचे आणि रॉकेलच्या डबड्यात बुडवून धुवायचे. मला लहानपणी वाटायचं, हा पूजेचाच भाग आहे.

२०१६ मध्ये आप्पा गेले. गाडी मागच्या धाब्याच्या घरात लावली ती तिथेच राहिली. धाब्याचं घर म्हणजे छतावर खारी माती. ती वर्षभर पिठासारखी झरत असते. शेजारीच दरवर्षी कापसाचा ढीग. आठ वर्षं गाडी अशी उभी होती.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन भरलं होतं, त्याच दिवसांत मी गाडी बाहेर काढायचं ठरवलं. आमच्या रस्त्यावरची बस अवेळी झाली होती आणि मला कोणाच्या मागे बसून शाळेत जायचं नव्हतं. गाडी ढकलत एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. त्याला पेट्रोलचा वास उरलाच नव्हता, व्हार्निशसारखा आंबूस वास येत होता. कार्बोरेटर साफ केला, नवा प्लग, नवी बॅटरी. साईड कव्हर उघडून फिल्टरचा डबा काढला तर आत उंदराचं घर. आमच्याच घरचा कापूस, पिंजून पिंजून वाटीसारखा गोल केलेला, त्यात सरकीची टरफलं आणि कुरतडलेला फोम. फोमचा जो तुकडा शिल्लक होता तो बोटाने दाबला तर खारीच्या बिस्किटासारखा भुगा झाला. गॅरेजवाला म्हणाला, "जुन्या गाडीला याची गरज नसते ताई, उलट मोकळा श्वास मिळतो. राहू द्या तसंच." दुपारी चार वाजता गाडी चालू झाली. तो आवाज ऐकून आईने पदर डोळ्यांना लावला. फिल्टरचं कोणाला सुचणार होतं? गॅरेजचं नाव मी लिहीत नाही, कारण हे वाक्य मी नंतर निदान चार ठिकाणी ऐकलं आहे.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. रोज २८ किलोमीटर, फिल्टरशिवाय. पहिला आठवडा गेल्यावर गाडी खरंच हलकी पळाली. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा आली, गावोगावच्या गाड्यांनी रस्ता उधळला, आणि त्याच आठवड्यात आरशात मला मागे निळसर धूर दिसला. सकाळच्या पहिल्या किकला जास्त, मग कमी. ऑइलची काडी बघितली तर पातळी खालच्या खुणेच्याही खाली. महिन्यापूर्वीच नवं ऑइल टाकलं होतं.

आप्पांची गाडी ज्यांच्याकडे जायची ते म्हातारे मिस्त्री, सगळे त्यांना चाचा म्हणतात, आता फक्त सकाळचे दोन-तीन तास काम करतात. त्यांनी गाडीचा आवाज ऐकला, धूर बघितला आणि पहिल्यांदा साईड कव्हर उघडलं. डबा रिकामा. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, इन्हा गळामा माती जाई ऱ्हायनी." म्हणजे हिच्या घशात माती जाते आहे. मग त्यांनी माझ्याकडे रुमाल मागितला. पांढरा होता. बोटाला गुंडाळून तो कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत आतून फिरवला आणि मला दाखवला. त्यावर काजळासारखा थर होता, पण काजळ मऊ असतं. हा थर मी दोन बोटांत चोळला तेव्हा करकर लागली. पेट्रोलच्या वाफेत भिजलेली रस्त्याची माती होती ती. व्हॉल्व घासायला जी पेस्ट वापरतात तिच्यासारखीच ती लागत होती.

हेड आणि ब्लॉक उतरवल्यावर चाचांनी मला बोअरच्या, म्हणजे ज्या नळीत पिस्टन वर-खाली होतो तिच्या, आत नख फिरवायला सांगितलं. खालून वर नेताना मधे गुळगुळीत लागलं, आणि वरच्या टोकाशी, जिथे पिस्टनची रिंग येऊन थांबते आणि परत फिरते, तिथे नख अडलं. तिथे पायरी पडली होती. भिंतीवर उभ्या रेघा होत्या. धूळ आत गेली की सगळ्यात जास्त झीज याच जागी होते, कारण धूळ वरून येते आणि तिथे ऑइल सगळ्यात कमी पोचतं. बोअर करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन, ज्याला गॅरेजमध्ये पंचवीस साईज म्हणतात, आणि नव्या रिंगा टाकाव्या लागल्या. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर, असे चारच टप्पे मिळतात. एक टप्पा मी तीन महिन्यांत घालवला. आप्पांनी २३ वर्षांत एकही घालवला नव्हता. मला पैशापेक्षा याचं वाईट वाटलं.

या वेळी गाडी नीट उघडली गेली, त्यातल्या दोन-तीन गोष्टी सांगते, कारण पुष्कळ घरांत अशा गाड्या उभ्या आहेत. वर्षानुवर्षं बंद असलेल्या गाडीला आल्या आल्या किक मारू नये. आधी प्लग काढून आत चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं, रात्रभर राहू द्यायचं आणि सकाळी प्लग न लावता हाताने हळू किक दाबून पिस्टन वर-खाली फिरवायचा. चिकटलेल्या रिंगा सुटतात आणि कोरड्या भिंतीवर ओरखडे पडत नाहीत. सायलेन्सरच्या तोंडात बघायचं. माझ्या गाडीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, ते पहिल्या गॅरेजमध्ये कोणी बघितलंच नव्हतं. पहिल्या आठवड्यात गाडी ओढत नव्हती ती त्यामुळेच असावी. टाकीतला गंज काढायला चाचांनी २५ बारीक नट आणि लिटरभर रॉकेल टाकलं, आणि मी आणि माझा भाचा पाळण्यासारखी ती टाकी अर्धा तास हलवत बसलो. नट मोजून टाकायचे, मोजून काढायचे. आमचे २४ निघाले. पंचविसावा काढायला आणखी पाऊण तास गेला, पण चाचांनी टाकी गाडीवर चढवू दिली नाही. इंजिनच्या बाजूच्या झाकणात ऑइल साफ करणारा एक फिरता कप असतो, त्याच्या कडेला बोटभर काळा चिखल बसला होता, तो खरवडून काढला. टॅपिटची (व्हॉल्वची) फट ०.०५ मिलिमीटर ठेवली, इंजिन थंड असताना. पेट्रोलची नळी आणि कॉकचे वायसर बदलले, कारण आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही. शिवाय ते हवेतलं पाणी धरतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.

कागदपत्रांचं काम वेगळं. गाडी वारस म्हणून माझ्या नावावर करायला फॉर्म ३१ लागला, नोंदणीचं नूतनीकरण झालं, उशिराचा दंड भरला. पीयूसीला पहिल्यांदा कार्बन मोनॉक्साइड ५.१ टक्के आला. २००० च्या आधीच्या दुचाकींना ४.५ ची मर्यादा आहे. चाचांनी एअर स्क्रू लावून दिल्यावर २.८ आला.

आता फिल्टरकडे येते.

वर्गात मी मुलांना एक गणित घालते. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम. ते पूर्ण जळायला त्याच्या सुमारे १५ पट वजनाची हवा लागते, म्हणजे ११ किलो. एक लिटर हवेचं वजन सव्वा ग्रॅमच्याही आत. उत्तर येतं, एका लिटर पेट्रोलमागे सुमारे ९,००० लिटर हवा. आमच्या गावाला उन्हाळ्यात पाण्याचा टँकर ५,००० लिटरचा येतो, म्हणून मुलांना आकडा लगेच कळतो. शाळेत जाऊन येताना माझी गाडी अर्धा लिटर पेट्रोल पिते, म्हणजे रोज जवळजवळ एक टँकर हवा ओढते. तीही फेब्रुवारी ते जूनमध्ये आमच्या रस्त्यावरची.

गाडीच्या इंजिनचं काम व्हायला चार दिवस लागले, आणि तिच्यासाठी फिल्टर मिळायला तीन आठवडे. पहिला घेतला तो अमळनेरलाच, ९० रुपयांचा. पाकीट हुबेहूब कंपनीसारखं. घरी डब्यात बसवला तर एका बाजूने करंगळी जाईल एवढी फट. अशा फटीतून हवा आधी जाते, कारण तिला फोममधून जाण्यापेक्षा तिथून जाणं सोपं. असा फिल्टर असून नसल्यासारखा. शाळेतल्या एका सरांनी सुचवलं, गादीवाल्याकडून फोम आणा आणि कापून लावा. तेही करून बघितलं. गादीचा फोम रॉकेलमध्ये फुगला आणि आठवड्यात चिकट होऊन बसला. तो तसाच चालवला असता तर त्याचे तुकडे कार्बोरेटरमध्ये गेले असते. तिसऱ्यांदा धुळ्याला एका जुन्या दुकानात मला खरंखुरं कंपनीचं सीलबंद पाकीट मिळालं. किती आनंद झाला मला! दुकानातच पाकीट फोडलं, फोम दाबला, आणि तो माझ्या हातात चुरला. फोमला वय असतं. पाकिटात ठेवला तरी तो म्हातारा होतो. दुकानदारालाही वाईट वाटलं, त्याने पैसे घेतले नाहीत.

शेवटी मी जुन्या फिल्टरचा जाळीचा सांगाडा आणि डब्याचं झाकण पिशवीत घालून जळगावला गेले आणि तीन दुकानांत प्रत्येक फोम त्या सांगाड्यावर चढवून बघितला. जो घेतला तो मूळ कंपनीचा नाही, साध्या ब्रँडचा आहे, ११० रुपयांचा. पण तो नवा बनलेला होता, मुठीत दाबून सोडला की लगेच मूळ आकारात येत होता, उजेडाकडे धरल्यावर छिद्रं सगळीकडे सारखी बारीक दिसत होती, सांधा शिवणीसारखा सरळ आणि पक्का चिकटवलेला होता, आणि झाकण लावल्यावर कडेने चहूबाजूंनी दाबून बसत होता. माझं मत आता पक्कं आहे: २५ वर्षांच्या जुन्या ओरिजिनल फोमपेक्षा कालपरवा बनलेला आणि डब्यात गच्च बसणारा लोकल फोम चांगला. दुकानात जाताना डब्याचं झाकण बरोबर न्यावं. नुसतं मॉडेलचं नाव सांगून फिल्टर आणू नये.

नव्या गाड्यांत कागदाचा फिल्टर येतो. तो जास्त बारीक धूळ धरतो, हे खरं आहे. पण त्याची घडी, त्याची चौकट त्या गाडीच्या डब्यासाठी केलेली असते. दुसऱ्याच गाडीच्या डब्यात तो चेपून बसवला तर पुन्हा फट. ज्यांच्या गाडीत कागदाचा फिल्टर आहे त्यांना एक विनंती. काही कागदांना कारखान्यातच तेलाचा हात दिलेला असतो. तो धुवू नका, पंक्चरवाल्याकडे नेऊन त्याला हवाही मारू नका. तो बदलायचाच असतो. हवा मारून स्वच्छ दिसतो, पण कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात.

फोमला मात्र तेल हवंच, आणि हे पुष्कळ जणांना माहीत नाही. लोक फोम सर्फने धुतात, वाळवतात आणि कोरडाच लावतात. मी शाळेत एक प्रयोग केला. पाण्याच्या तीन बाटल्यांचे बूड कापले, पहिलीत कोरडा फोम, दुसरीत तेल लावलेला, तिसरीत गादीचा. आमच्याच रस्त्याची माती धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ केली, वरून सायकलच्या पंपाने वारा दिला आणि खाली ओलसर पांढरा कागद धरला. कोरड्या फोमखालचा कागद राखाडी झाला. गादीच्या फोमखालचा त्याहून वाईट. तेलाच्या फोमखालच्या कागदावर मुलांनी भिंग लावून कण शोधले, तेव्हा कुठे थोडे सापडले. असं का झालं, हे मी विचारल्यावर सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मळणीच्या मशीनवर पप्पा तोंडाला रुमाल ओला करून बांधतात. कोरडा बांधला तर भुसा नाकात जातो." मला याहून चांगलं समजावता आलं नसतं. फोमची छिद्रं धुळीच्या कणापेक्षा मोठी असतात. हवा त्यातून वळणं घेत जाते, कण वळू शकत नाही, भिंतीवर आपटतो, आणि भिंत तेलाने ओली असली तरच चिकटून राहतो.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे शिकवायची गरज नाही, हेही मला म्हणायचं आहे. ज्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ, म्हणजे हवा ऑइलने गाळणारा फिल्टर, असतो त्याची वाटी तो स्वतः उघडतो, खालचा चिखल काढतो, नवं ऑइल खुणेपर्यंत भरतो. नांगरटीच्या दिवसांत तर रोज बघतो. त्याच घरातल्या मोटारसायकलचा डबा पाच-पाच वर्षं उघडलेला नसतो. ट्रॅक्टर धूळ खातो हे डोळ्यांना दिसतं. मोटारसायकल त्याच शेतात, त्याच रस्त्याने जाते, तेवढं आपण विसरतो.

माझी पद्धत चाचांनी घालून दिलेली आहे. फोम रॉकेलमध्ये बुडवून दाबायचा, पिळायचा नाही, कारण पिळला की सांधा फाटतो. पेट्रोल अजिबात वापरायचं नाही, ते फोमला खातं आणि आगीची भीती. सावलीत पूर्ण वाळवायचा. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन चमचे ९० नंबरचं गिअर ऑइल, आणि पिशवीतच मळायचा, कणीक मळतो तसा, रंग सगळीकडे सारखा होईपर्यंत. जास्तीचं तेल दाबून काढायचं. टपकत असेल तर हवा अडते, गाडी काळा धूर मारते आणि ॲव्हरेज घसरतं. डब्याच्या कडेला जिथे फोम टेकतो तिथे बोटाने ग्रीसचा पातळ हात. शेवटी आतल्या नळीत पांढरा रुमाल फिरवून बघायचा. रुमाल स्वच्छ आला तर फिल्टर नीट बसला आहे. मातकट आला तर फोम कितीही नवा असो, कुठेतरी फट आहे, किंवा कार्बोरेटरकडची रबरी नळी तडकली आहे. हे मी दर अमावास्येला करते. फेब्रुवारी ते जून पौर्णिमेलाही. किलोमीटर मोजून आमच्या रस्त्यावर भागत नाही.

आता त्या मुलाच्या कोन फिल्टरबद्दल. कोन फिल्टर ही वस्तू मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही. चांगल्या प्रतीचा, सुती जाळीचा आणि तेल लावलेला कोन शर्यतीच्या गाड्यांत वापरतात, पण तिथे कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोलचं माप ठरवणारी भोकं, तीही त्याला जुळवून बदलतात. कारखान्यात कार्बोरेटर लावलेला असतो तो डबा गृहीत धरून. डब्याने हवेला जेवढा अडथळा होतो तेवढा धरूनच पेट्रोलचं माप ठरवलेलं असतं. डबा काढला की हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण कोरडं होतं आणि इंजिन तापतं. फोर स्ट्रोक गाडी हे काही दिवस सहन करते. आरएक्स १०० टू स्ट्रोक आहे. तिच्या पिस्टनला ऑइल मिळतं ते आत येणाऱ्या हवा-पेट्रोलबरोबरच. मिश्रण कोरडं, वर मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन आणि धुळ्याकडे जाणारा सरळ रस्ता असला, की पिस्टन फुगून बोअरमध्ये पकडतो आणि मागचं चाक जागच्या जागी थांबतं. ऐंशीच्या वेगाला असं झालं तर काय होईल, ते मला लिहववत नाही. शिवाय कोन उघडा असतो. मागच्या चाकाने उडवलेली सगळी माती आणि पावसाळ्यात सगळं पाणी त्याच्याकडेच जातं. मूळ डब्याची हवा ओढायची जागा मुद्दाम उंच आणि आडोशाला केलेली असते. "मोकळी पळते" हे जे वाटतं, त्यात बराचसा भाग आवाजाचा आहे. माझी गाडीही फेब्रुवारीत मोकळीच पळत होती.

आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ एवढीच बनली. जी उरली आहे ती कोणाच्या तरी काकांनी, वडिलांनी जपली म्हणून उरली आहे. त्या मुलाने तिच्यासाठी किती रात्री घातल्या असतील, ते मला तिच्या हेडलाइटच्या रिंगवरून कळलं. म्हणूनच जीव तुटला.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्रात उन्हाळ्यात बैलांची, फळबागांची काळजी कशी घ्यावी याची सदरं येतात. त्याच्या शेजारी होळीच्या सुमारास चार ओळी फिल्टरबद्दल छापाव्यात, ही विनंती. जिल्ह्यातल्या आयटीआयच्या मुलांनी एखाद्या आठवडी बाजारात टेबल टाकून लोकांचे डबे उघडून दाखवले, तर मी माझ्या तीन बाटल्या घेऊन यायला तयार आहे.

आणि त्या मुलासाठी निरोप. तू गेल्यावर तुझा डबा मी दुकानदाराकडून मागून घेतला. त्याचं झाकण शाबूत आहे, दोन्ही क्लिपा आहेत, नळीच्या तोंडाला तडा नाही. आतला फोम गेलेला आहे, तो नवा घ्यावा लागेल. डबा रॉकेलने धुऊन, पुसून मी शाळेत विज्ञानाच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला आहे. माझा पत्ता या वृत्तपत्राच्या कार्यालयात दिला आहे. शाळा साडेदहा ते पाच असते, रविवार सोडून कधीही यावं.

आपली वाचक,
एक शिक्षिका, ता. अमळनेर, जि. जळगाव